मिग्दालियाचा तिसरा प्रश्न

आमच्या मूनफिश लगून रिसॉर्टमध्ये जेवायची बारा ठिकाणं आहेत. त्या बाराही ठिकाणी कुठलं टेबल डुगडुगतं, कुठे एसीचा गार झोत थेट मानेवर येतो आणि कुठल्या खिडकीतून रोज रात्रीची आतषबाजी नीट दिसते, हे मिग्दालिया कोत्तोला तोंडपाठ आहे. आणि हे काही ऐकीव ज्ञान नव्हे. सुट्टीच्या दिवशी, रेस्टॉरंट उघडायच्या आधी, ती जाऊन एकेका खुर्चीवर बसून यायची. खायची काही नाही. नुसती बसायची, मान वळवून इकडेतिकडे बघायची, उठून पुढच्या खुर्चीवर जायची. एका खिडकीपुढचं ताडाचं झाड वाढून आतषबाजी झाकली गेली, हे मॅनेजरच्या आधी हिला कळलं. त्या दिवसापासून तिनं ते टेबल कुणाला खिडकीचं म्हणून दिलं नाही.

मी नेरेइदा. अकरा वर्षं मी तिच्या शेजारी जेवणाची टेबलं नोंदवायच्या काउंटरवर बसले, आणि आता वरच्या मजल्यावर लँटर्न हाऊस या रेस्टॉरंटच्या दारात उभी असते. मला कुणाचं कौतुक चटकन करवत नाही. माझा नवरा तर म्हणतो, तुझ्या तोंडून चांगलं ऐकायचं तर आधी मरावं लागतं. पण मिग्दालिया चांगली जिवंत आहे, चौसष्टीची आहे, आणि तरी मी हे सांगायला बसले आहे. तेव्हा काय ते समजा.

आमचं काउंटर म्हणजे मोठ्या दिवाणखान्यातला एक कोपरा. शेजारच्या थीम पार्कमधून दमूनभागून आलेली माणसं तिथे येतात आणि एकच विचारतात, "इथलं सगळ्यात चांगलं रेस्टॉरंट कुठलं?" आम्ही बाकीच्या मुली लगेच नाव सांगून मोकळ्या व्हायचो. मिग्दालिया आधी त्यांना बसवायची, पाणी द्यायची, आणि मग तीन प्रश्न विचारायची.

पहिला प्रश्न, "तुमच्यात सगळ्यात आधी भूक कुणाला लागते?"

दुसरा, "टेबलाशी बसून रुसणारं कोण आहे?"

हे ऐकून नवरा-बायको हसत एकमेकांकडे बघायचे आणि दोघंही एकदम सासूचं नाव घ्यायचे. एक गृहस्थ ओहायोहून आले होते. सासूबाईंची सत्तरी होती आणि त्यांना सगळ्यात महागडं ठिकाण हवं होतं. मिग्दालियानं दोन प्रश्न विचारले आणि त्यांना टोबी कासवाच्या बुफेत पाठवलं. टोबी म्हणजे कासवाचा वेष घातलेला आमचा एक कर्मचारी, टेबलाटेबलाशी जाऊन लहान मुलांना मिठ्या मारतो. गृहस्थ तणतणत गेले. मोठ्या बाईला आम्ही मानानं दोन्या म्हणतो. मी म्हटलं, "दोन्या मिग्दालिया, उद्या तक्रार येणार तुमची. सत्तर वर्षांच्या बाईला कासवाकडे कोण पाठवतं?"

"अगं, ती बाई रुसते कारण तिच्याकडे कुणी बघत नाही," ती म्हणाली. "महागड्या ठिकाणी वेटर पैसे देणाऱ्या जावयाच्या तोंडाकडे बघून बोलतो. टोबी आधी आजीकडे जातो."

दुसऱ्या दिवशी खरंच ते गृहस्थ आले, पण तक्रार घेऊन नाही. सासूबाई कासवाबरोबर नाचतानाचा फोटो घेऊन आले होते.

वाढदिवसाचं म्हणाल तर आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचा रोजच वाढदिवस असतो. वाढदिवस सांगितला की केक फुकट मिळतो, गाणं म्हणतात, छातीवर लावायला बिल्ला देतात. मिग्दालिया सहज विचारायची, "किती वर्षं पूर्ण झाली?" खरा वाढदिवस असणारा पटकन आकडा सांगतो किंवा लाजतो. खोटा असला की तो बायकोकडे बघतो. तिला दर वेळी कळायचं आणि दर वेळी ती बिल्ला द्यायचीच. मी चिडायचे.

"लबाड आहेत हो ते!"

"असू देत गं. खोटा का होईना, साजरा तर करतायत. खरे वाढदिवस असून न करणारे किती आहेत बघ."

तिसरा प्रश्न मात्र ती हळू आवाजात विचारायची. "या वेळी तुमच्याबरोबर कोण नाही?"

पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो आगाऊपणा वाटला. सुट्टीवर आलेल्या माणसाला हे कशाला विचारायचं? मग मिनेसोटाचे लिंडक्विस्ट आले. ते दर नाताळात यायचे, नवरा, बायको आणि तीन पोरं. त्या वर्षी चौघंच आले. मी जीभ चावून गप्प बसले, पण मिग्दालियानं विचारलं, आणि तो उंचापुरा माणूस काउंटरवर कोपरं टेकून पाच मिनिटं बायकोबद्दल बोलत राहिला. तिनं त्यांचं नेहमीचं लांबट टेबल रद्द केलं आणि दुसरीकडे गोल टेबल दिलं. ते गेल्यावर मला म्हणाली, "चौकोनी टेबलाला बाजू असतात, नेरेइदा. एक बाजू रिकामी राहिली की जेवणभर सगळे तिकडेच बघत राहतात. गोल टेबलाला चार माणसं बसली की ते चौघांचं, पाच बसली की पाचांचं. रिकामी जागा दिसत नाही."

तेव्हापासून आमच्या काउंटरचा नियमच झाला. कुणी गेलेलं असेल, घटस्फोट झालेला असेल, पोरगा सैन्यात असेल, तर गोल टेबल द्यायचं. नव्या मुलींना हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो. कंपनीच्या पुस्तकात हे कुठेही लिहिलेलं नाही.

आता तिच्या आईचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

दोन्या प्रोविदेन्सिया, म्हणजे सगळ्यांच्या प्रोवी, पोर्तो रिकोच्या डोंगरात अदहुन्तासला राहतात. मिग्दालिया तिथून निघून तेवीस वर्षांपूर्वी फ्लोरिडाला आली. दर सप्टेंबरात, इथे मंदी असते तेव्हा, ती चार दिवस आईकडे जाऊन यायची. पण नाताळची आदली रात्र, तीन राजांचा सण आणि त्याच्या आदल्या दिवशी, पाच जानेवारीला येणारा आईचा वाढदिवस, हे दिवस आमच्या धंद्याचे. तेव्हा रिसॉर्टमध्ये पाय ठेवायला जागा नसते. रजा मिळते ती जुन्या माणसांना आधी. मिग्दालियाचं नाव यादीत कधीचंच सगळ्यात वर होतं. पण प्रत्येक वर्षी ती आपली रजा लहान पोरं असलेल्या एखाद्या मुलीला देऊन टाकायची. त्या तेवीस नाताळांतले सहा मी घेतलेत. माझी पोरं लहान होती, मी घेतले, आणि घेताना तिची आई कुठे काय करत असेल हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

आई दर रविवारी फोन करायची आणि एकच विचारायची, "काय गं, बसवलीस का माणसं?" तिच्या लेखी लेकीचं काम एवढंच. "लोकांना कुठं बसायचं ते सांगायला पगार देतात होय? आमच्याकडे जो तो आपला आपण बसतो." मिग्दालिया हसून सांगायची आम्हाला. पण फोन ठेवल्यावर थोडा वेळ तिचा चेहरा उतरलेला असायचा. तिला आईच्या तोंडून एकदा, एकदाच ऐकायचं होतं, की पोरी, तुझं काम चांगलं आहे. चौसष्टीच्या बाईला अजून आईची शाबासकी लागते का? लागते. मला विचारा.

तर गेल्या वर्षी आईनं फोनवर जाहीर केलं, "अठ्ठ्याऐंशी लागतंय मला. विमानात बसून येते. एकदा बघते तरी काय आहे तुझं ते."

मिग्दालियाच्या अंगात जणू वारं शिरलं. पाच जानेवारीची रजा तिनं तेवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी मागितली. आणि जेवण कुठे? लँटर्न हाऊसला, खिडकीच्या चौदा नंबरच्या टेबलावर. ते आमच्याकडचं सगळ्यात मानाचं टेबल. त्यासाठी साठ दिवस आधी, पहाटे सहाला नोंदणी उघडते आणि दोन मिनिटांत संपते. मॅनेजर म्हणाला, "मिग्दालिया, काय हे! मी बाजूला ठेवतो की तुझ्यासाठी."

"नको," ती म्हणाली. "मी कुणाला मागच्या दारानं टेबल दिलं नाही. आईसाठीही नको."

म्हणून सहा नोव्हेंबरला पहाटे कर्मचाऱ्यांच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघी माझ्या गाडीत बसलो, दोघींच्या हातात फोन. सहाच्या ठोक्याला बटणं दाबली. तिच्या फोनवर नुसतं चक्र फिरत बसलं. माझ्या फोनवर टेबल मिळालं. तिनं मला अशी मिठी मारली की कॉफी माझ्या मांडीवर सांडली.

मग साठ दिवस ती त्या जेवणाच्या मागे होती. मासा बिनकाट्याचा, आईला कवळी आहे. सूप फार गरम नको. केक नारळाचा, कारण आईला चॉकलेट सोसत नाही. आचाऱ्याला भेटून आली, वेटर तिनंच निवडला, गाणं म्हणणाऱ्या पोरांना आईचं पूर्ण नाव पाठ करायला लावलं. चौदा नंबरच्या चारही खुर्च्यांवर बसून तिनं आईसाठी आतषबाजीच्या समोरची निवडली. सगळं चोख. एवढ्या सगळ्यात एक गोष्ट राहिली आणि ती ना तिच्या लक्षात आली ना माझ्या.

पाच जानेवारीला संध्याकाळी साडेसहाला दोन्या प्रोवी आल्या. बरोबर नात यारित्सा, म्हणजे मिग्दालियाची भाची, तीच त्यांना विमानातून घेऊन आली होती. ठेंगणी म्हातारी, इस्त्रीचा जांभळा झगा, हातात मोठी काळी पर्स. मिग्दालिया आत टेबल बघायला गेली आणि मी तेवढ्यात संधी साधली. मला वाटलं, लेक काही बोलायची नाही, आपणच सांगावं. मी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. कासव आणि सासू, खोटे वाढदिवस, तीन प्रश्न, लिंडक्विस्ट, गोल टेबल. म्हातारी ऐकत होती. डोळे माझ्यावर रोखलेले.

"हे सगळं हिनं एकटीनं काढलं?" शेवटी विचारलं.

"एकटीनं. आम्ही सगळ्या तिच्याकडूनच शिकलो."

"हं," म्हणाल्या आणि पर्स उचलून आत गेल्या.

चौदा नंबरच्या टेबलाशी गेल्यावर पहिला गोंधळ झाला. मिग्दालियानं खिडकीसमोरची खुर्ची ओढली आणि म्हातारी सरळ उलट्या बाजूला जाऊन खिडकीकडे पाठ करून बसली.

"आई, तिथून काही दिसणार नाही तुला!"

"मला दार दिसतंय. कोण येतं-जातं ते कळायला नको?"

लोक ज्या खिडकीसाठी भांडतात तिच्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या खुर्चीवर त्यांनी आपली पर्स ठेवली. सूप आलं, तसंच राहिलं. मासा आला, पांढऱ्या शुभ्र ताटात मधोमध, तळहाताएवढा.

"हे चाखायला दिलंय का? जेवण मागून येतंय?" म्हातारीनं वेटरला विचारलं. यारित्सा फिस्कन हसली. मिग्दालिया हसली नाही.

"मीठ कमी आहे का आई? दुसरं काही सांगू? भात सांगू?"

"भूक नाही."

"सूप तरी—"

"भूक नाही म्हटलं ना."

मी दारातून बघत होते. मिग्दालियाचे हात टेबलावर उगाच फिरत होते, काटा सरळ कर, पेला सरकव. मग पोरं केक घेऊन आली, पूर्ण नाव न चुकता गायली, आजूबाजूच्या टेबलांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीनं मेणबत्ती विझवली आणि केकचं ताट यारित्सापुढे सरकवलं. साठ दिवसांची मेहनत तिथे पडली होती आणि मला रडू फुटायचं बाकी होतं. या बाईनं तेवीस वर्षं परक्या माणसांचं जेवण कधी फसू दिलं नाही. आणि आज हे व्हावं?

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पाण्याचा जग घेऊन टेबलाशी गेले, पाणी भरायचं माझं काम नव्हे तरी, आणि वाकून तिच्या कानात म्हटलं, "दोन्या, तुम्ही आईला विचारलंच नाहीत."

"काय?"

"तुमचे तीन प्रश्न."

तिनं माझ्याकडे पाहिलं. दारात कुणी नवीन पाहुणे आले होते, पण मी जग हातात धरून तिथेच उभी राहिले. नोकरी गेली असती तरी हलले नसते.

मिग्दालियानं खुर्ची आईकडे ओढली. काउंटरवर बोलते तसंच बोलायचा प्रयत्न केला, पण आवाज तसा निघाला नाही.

"आई, तुमच्यात सगळ्यात आधी भूक कुणाला लागते?"

"हिला," म्हातारीनं यारित्साकडे हनुवटी केली. "बघ की, केक संपवला माझा."

"आणि टेबलाशी रुसणारं कोण आहे?"

"मी. दिसत नाही का?"

यारित्सा हसली, मीही हसले. मिग्दालिया पुढे झुकली. मग हळू आवाजात विचारलं, "आणि... या वेळी कोण नाही?"

दोन्या प्रोवींनी पर्स चौथ्या खुर्चीवरून उचलून मांडीवर घेतली. रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला.

"या वेळी सगळे आहेत," त्या म्हणाल्या. "पण तेवीस नाताळ तू नव्हतीस. केळीच्या पानातले पास्तेलेस करायचे, तुरीच्या दाण्यांचा भात करायचा, आणि चार खुर्च्या मांडायच्या. दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, ती एक भिंतीला लावा, अडचण होते. मी लावू दिली नाही. तुझ्या मैत्रिणीनं बाहेर सांगितलं मला, ज्यांचं कुणी नसतं त्यांना तू गोल टेबल देतेस. चांगलं काम आहे, पोरी. फार चांगलं काम आहे. मी उगाच चेष्टा करत होते." मग त्यांनी मिग्दालियाचा हात धरला. "पण आमच्या घरचं टेबल चौकोनी आहे गं."

मिग्दालिया रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, तिचा नवरा वारला तेव्हासुद्धा नाही. शाबासकी मिळाली होती, हवी होती अगदी तशी. आणि त्याच वाक्याला धरून ते दुसरं आलं होतं. बाहेर आतषबाजी सुरू झाली, सगळं रेस्टॉरंट खिडकीकडे वळलं. या दोघी एकमेकींकडेच बघत बसल्या होत्या. थोड्या वेळानं म्हातारीनं ताट पुढे ओढलं आणि मासा खायला सुरुवात केली. "गार झालाय," म्हणाल्या, आणि सगळा संपवला. जाताना टोपलीतले पाव रुमालात बांधून पर्समध्ये टाकले. मी बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, या डिसेंबरात आपल्याकडे नाताळ माझ्याशिवाय करायचा. पोरं आता मोठी झाली आहेत, त्यांना मिशा फुटल्या. तो म्हणाला, "तू, आणि कुणासाठी रजा सोडणार?" मी म्हटलं, सोडत नाही, परत करतेय. सहा आहेत, एकेक करून.

मिग्दालियाला पटवायला मात्र ऑक्टोबर उजाडला. "काउंटर कोण बघेल? नव्या मुलींना झोत कुठल्या टेबलावर येतो ते माहीत नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे. तिनं परीक्षा घेतली. दोन टेबलं चुकली. ती दोन्ही मी जाऊन, बसून पाठ केली.

चोवीस डिसेंबरला मी तिच्या खुर्चीवर बसले. दुपारी दोनच्या सुमारास लिंडक्विस्ट आले, उंचापुरे, केस आता पांढरे, मागे तिन्ही पोरं. धाकटी तर बापाच्या खांद्याला लागली आहे. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनीच इकडेतिकडे बघितलं.

"मिग्दालिया कुठे आहे?"

"जेवायला गेलीय," मी म्हटलं.

"थांबतो मग आम्ही. किती वाजता येईल?"

"सात जानेवारीला," मी म्हटलं. "आईकडे जेवायला गेलीय."